आधी विचारू, मग ताटावर बसू

कामं उरकली का? नसतील तर भाकरी थापता थापता ऐका, कारण आजचं बोलणं जेवणाबद्दलच आहे. फक्त घरच्या नव्हे, हॉटेलातल्या.

कुणी म्हणेल, "ताई, आम्ही कुठं हॉटेलात जातोय?" जातो की! कर्जाची फाईल घेऊन तालुक्याच्या बँकेत जातो, पेशंट घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जातो, प्रशिक्षणाला, प्रदर्शनाला, देवदर्शनाला जातो. दुपार टळते, बांधून आणलेली भाकरी संपलेली असते, मग कुठंतरी टेकावं लागतं. तिथून उठताना पोट भरलेलं असतं, पण मनात काहीतरी खुपत असतं. "जाऊ दे, एक दिवसाचा प्रश्न" म्हणून आपण ते गिळतो. मीही गिळलं होतं. त्याचीच गोष्ट आधी सांगते.

मागच्या वर्षी प्रशिक्षणासाठी मी धरून आम्ही नऊ जणी जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. जेवणासाठी गटाचे १२०० रुपये आमच्या कोषाध्यक्ष ताईंकडे होते. एका हॉटेलाबाहेर पाटी होती, 'थाळी १२० रुपये'. नऊ थाळ्यांचे १०८० होतात, म्हणजे वर चहापुरते उरतील, असा हिशेब दारातच झाला. आत पाऊल टाकलं तर वेटर म्हणाला, "लेडीज आहेत ना? फॅमिली हॉलमध्ये बसा." आम्ही गेलो. हॉल गार होता, बरं वाटलं. त्यानं पाण्याच्या चार बाटल्या आणल्या आणि टकाटका झाकणं उघडली. थाळीबरोबर पापड आला, ताक आलं. आम्हाला वाटलं, थाळीतलंच आहे.

शेवटी बडीशेपेच्या वाटीत एक चिठ्ठी आली. एसी थाळी १५० प्रमाणे १३५०, बाटल्या १२०, पापड १३५, ताक १८०, टॅक्स ९०. एकूण १८७५ रुपये.

जवळ होते १२००. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कोषाध्यक्ष ताईंनी पदराआडून आपली पर्स काढली आणि ६७५ रुपये भरले. त्या दिवशी त्यांना मुलीचा चष्मा करून न्यायचा होता. तो राहिला. मी बी.ए. झालेली, गटांना हिशेब शिकवणारी, पण मीही तोंड उघडलं नाही. गल्ल्याजवळ चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर पैशावरून बोलायची लाज वाटली.

गोष्ट एवढ्यावर संपली नाही. महिन्याच्या बैठकीत ती चिठ्ठी ठेवली तर तिच्यावर ना हॉटेलचं नाव, ना तारीख. एका जणीनं सरळपणे विचारलं, "हे बिल कशावरून समजायचं?" तिचं चुकलं नव्हतं. हिशेब विचारायलाच आपण शिकवतो. पण कोषाध्यक्ष ताईंचा चेहरा उतरला. पैसे त्यांना पुढच्या महिन्यात मिळाले, तरी दोन बैठका त्या "मला हे पद नको" म्हणत होत्या. सहाशे पंचाहत्तर रुपयांपायी गटातलं एक चांगलं माणूस आम्ही गमावून बसलो असतो. म्हणून आज त्या चिठ्ठीतली एकेक ओळ आपण उलगडून बघू.

पहिली ओळ, थाळीचा दर. बऱ्याच हॉटेलांत बाहेरच्या बाकांचा दर वेगळा आणि एसी हॉलचा वेगळा असतो. दर वेगळा ठेवायला हरकत नाही, पण तो बसण्याआधी कळला पाहिजे. म्हणून आत शिरतानाच विचारायचं, "पाटीवरचा दर इथंही आहे ना?" नसेल तर बाहेर बसायचं. बाया म्हणजे फॅमिली हॉलच, असा काही कायदा नाही. कधी कधी तो हॉल म्हणजे मागची अंधारी खोली असते, पंखा कुरकुरतो आणि वेटर फिरकत नाही. "आम्ही इथंच बसतो" एवढं म्हटलं तरी पुरतं.

दुसरी ओळ, पाण्याची बाटली. इथं नीट लक्ष द्या, कारण बऱ्याच जणींचा घोळ होतो. दुकानात, टपरीवर, स्टँडवरच्या स्टॉलवर बाटली घेतली तर तिच्यावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. 'गार करण्याचे दोन रुपये' हेसुद्धा चालत नाही. त्याची तक्रार वैधमापन विभागाकडे करता येते. पण हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीचं तसं नाही. तिथं जागा आणि सेवाही दिलेली असते, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तेव्हा तिथं वाद घालून उपयोग नाही. झाकण उघडायच्या आधी बोलायचं, "बाटली नको, साधं पाणी आणा." एकदा झाकण उघडलं की बाटली आपली झाली.

तिसरी ओळ, पापड आणि ताक. न मागता ताटात आलेलं फुकटच असेल, असं धरून चालू नये. "थाळीत काय काय येतं, त्यातलं परत काय मिळतं, आणि कशाचे वेगळे पैसे?" हे तीन प्रश्न ऑर्डर देतानाच विचारायचे. काही ठिकाणी चपात्या मोजून मिळतात, भात एकदाच मिळतो. काही ठिकाणी पोटभर असतं, पण एका ताटात दोघी जेवल्या तर जास्तीचे पैसे लावतात. लेकरू बरोबर असेल तर तेही आधीच विचारा. मिसळीच्या हॉटेलात जादा पाव आणि जादा रस्सा यांचं तसंच. कुठं रस्सा हवा तेवढा देतात, कुठं वाटीवर पैसे घेतात.

चौथी ओळ, टॅक्स. आपण जातो तशा साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी पाच टक्के असतो. बिलात तो अडीच अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. पण तो सगळ्यांना घेता येत नाही. ज्याची जीएसटीची नोंदणी नाही, त्याला तो घेता येत नाही. छोट्या धंद्यांसाठी कंपोझिशन नावाची सोपी योजना आहे, ती घेतलेल्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर मागता येत नाही. मग ओळखायचं कसं? बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक बघायचा. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर तो २७ या आकड्यानं सुरू होतो. क्रमांकच नसेल तर विचारायचं, "दादा, टॅक्स कुठल्या नंबरवर घेताय?" आमच्या चिठ्ठीवर नंबर नव्हता. ते नव्वद रुपये आम्ही न विचारता देऊन टाकले.

आमच्या चिठ्ठीत नव्हती, पण मोठ्या शहरात एक पाचवी ओळ दिसते, 'सर्व्हिस चार्ज'. हा सरकारी कर नव्हे. हॉटेलनं स्वतःहून लावलेली ती रक्कम असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की ही रक्कम आपोआप बिलात घालता येणार नाही आणि कुणावर सक्तीही करता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरवलं. तेव्हा ही ओळ दिसली तर "हे काढून द्या" म्हणायचं. वाढणाऱ्या पोरानं प्रेमानं वाढलं असेल तर दहा-वीस रुपये त्याच्या हातात ठेवा. ती आपली खुशी.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे ती चिठ्ठीच. पक्क्या बिलावर हॉटेलचं नाव, तारीख, बिलाचा क्रमांक असतो. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असावा, असा नियम २०२२ पासून आहे. गटाचे पैसे खर्च करतो तेव्हा पक्कं बिल नसेल तर आपल्यालाच खाली बघावं लागतं. त्यामुळे बसण्याआधी आणखी एक प्रश्न, "पक्कं बिल मिळेल ना?"

हे झालं पैशाचं. बाकीचे त्रासही तुम्हाला ठाऊक आहेत. मेनूकार्ड इंग्रजीत असतं. मग निमूटपणे 'शेवभाजी' म्हणायचं नाही. "काय काय आहे ते दरासकट वाचून दाखवा" म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. वेटर चार ग्लासांत चार बोटं बुडवून पाणी आणतो. "ग्लास बदलून आणा" म्हणायचं. बाथरूमला कुलूप असतं. ते ऑर्डर देण्याआधी बघून घ्यायचं, आणि किल्ली देत नसतील तर दुसरीकडे जायचं. बाहेर निघालं की दिवसभर पाणीच प्यायचं नाही, हा आपला उपाय आपल्याच तब्येतीवर उठतो.

जेवणात केस निघाला, भाजी आंबूस लागली, तर तिथंच हात थांबवायचा. ताट तसंच ठेवून मालकाला बोलवायचं, मोबाईलवर फोटो काढायचा आणि बदलून मागायचं. अर्ध्याहून जास्त जेवून मग तक्रार केली तर तीच भाजी तुम्हाला गोड लागली होती, असं म्हणायला ते मोकळे होतात. शिळं, खराब अन्न देत असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

एक मात्र सांभाळा. दर वाढणाऱ्या पोरानं ठरवलेला नसतो. तोही कुठल्या तरी गावाहून आलेला असतो, रात्री उशिरापर्यंत टेबलं पुसतो. त्याच्यावर खेकसू नका. बोलायचं ते गल्ल्यावर, मालकाशी आणि आवाज न चढवता.

मालक ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक लक्षात ठेवा. मराठीतही बोलता येतं. त्याहून मोठी फसवणूक असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण खरं सांगू? नव्वद रुपयांसाठी कुणी आयोगाची पायरी चढत नाही. म्हणून आधी विचारणं हाच आपला सोपा उपाय आहे.

आता जरा उलट बाजूनं बघू. आपल्यातल्या किती तरी जणी प्रदर्शनात झुणका-भाकर, थालीपीठ, मांडे, मासवडीचे स्टॉल लावतात. तिथं गल्ल्यावर आपण असतो. आपल्या स्टॉलवर दराची पाटी ठळक आहे का? ठेचा आणि कांदा दरात धरलाय की वेगळा, हे लिहिलंय का? गर्दी वाढली की भाकरीचा आकार लहान होतो का? अन्नसुरक्षेची नोंदणी केली आहे का? जे आपल्याला खुपतं ते गिऱ्हाइकालाही खुपतं. ते बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी शेजारच्या स्टॉलवर जातं.

परवा आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो होतो. या वेळी एका साध्या खाणावळीच्या दारात कोषाध्यक्ष ताई स्वतः पुढं झाल्या. थाळी केवढ्याला, त्यात काय काय, पाणी कुठलं, बिल पक्कं का, सगळं विचारलं. मालक हसून म्हणाला, "मावशी, लग्नाची बैठक आहे का?" ताई म्हणाल्या, "लग्नात याद्या कशाला करतात? नंतर भांडण नको म्हणून."

मालकानं दर सांगितला, तेवढंच बिल झालं. पैसे उरले त्यात सगळ्यांचा चहा झाला. बैठकीत बिल वहीला टाचलं, आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हे प्रश्न एका कागदावर लिहून काढा आणि गटाच्या पैशाच्या पाकिटात ठेवा. आणि हो, चष्मा झाला बरं का. लेकीला फळ्यावरचं आता मागच्या बाकावरूनही दिसतं.

पुढच्या वेळी नव्या विषयासह भेटू. नमस्कार.