'लय भारी' कोण, हे कळतं कसं?



शहरातली मुलं ज्याला 'कूल' म्हणतात, त्याला आपल्या नांदेड-लातूरकडं 'लय भारी' म्हणतात. गंमत बघा, इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ थंड, आपल्या शब्दाचा वजनदार. दोन्हीतून करायचं मात्र कौतुकच!

पण भारी कोण, हे कसं ओळखायचं? उंची पट्टीनं मोजता येते, भारीपणा बघणाऱ्याच्या नजरेत असतो. 'मी भारी' असं स्वतःच म्हणून चालत नाही, चार जणांनी म्हणावं लागतं.

आणि नजर बदलते. 'लय' म्हटलं की काहीजण गावंढळ समजायचे. २०१४ मध्ये आपल्या लातूरच्या रितेश देशमुखचा 'लय भारी' सिनेमा आला आणि तोच शब्द महाराष्ट्रभर पोस्टरवर झळकला.

म्हणून वर्गात 'लय' म्हणणाऱ्या लेकराला हसू नका. हसण्यानं भाषा सुधारत नाही, लेकरू बोलायचंच थांबतं. प्रमाण शब्द 'खूप' जोडीला शिकवा.

एक उपक्रम करून बघा. 'आपल्या वर्गात भारी काय?' असं विचारा आणि उत्तरं फळ्यावर लिहा. बूट-मोबाइल किती वेळा आले, मदत-हिंमत किती वेळा, ते मुलांनाच मोजू द्या. आपण मोठी माणसं घरी-शाळेत कशाचं कौतुक करतो, तेही त्या फळ्यावर दिसेल.