माहेरची वाट सायकलवरून
दोन जावांच्या पहिल्या लांब सफरीची तयारी

आम्ही दोघी जावा. एकीचे वय ४४, दुसरीचे ३८. राहायला मुंबईत, डोंगरीला, एकाच घरात. मोठीचे माहेर मुरूडचे. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही अलिबागहून मुरूडला सायकलवर गेलो. अंतर सुमारे ५० किलोमीटर. रोज सायकल चालवणाऱ्यांना हे अंतर काहीच वाटणार नाही; पण ज्यांनी लग्नानंतर सायकलला हातही लावला नव्हता, त्यांच्यासाठी ती लांबची सफर होती. परत आल्यावर ओळखीच्या बायकांनी इतके विचारले, की सगळे एकदा लिहून काढावे असे ठरवले.

सुरुवात हौसेने झाली नाही. गेल्या पावसाळ्यात मोठीची शुगर तपासली, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा ८.४ आला. घरात ही बीमारी नवी नव्हती. आमच्या सासूबाईंच्या पायाची जखम शुगरमुळे बरी झाली नाही, शेवटी दोन बोटे काढावी लागली. त्या ड्रेसिंगचे दिवस आम्ही दोघींनीच काढले होते. डॉक्टरांनी गोळी दिली, पथ्य सांगितले आणि रोज अर्धा-पाऊण तास अंग हलवा म्हणाले. मोठी चालायला जाऊ लागली, तर गुडघा दुखू लागला. मग डॉक्टरच म्हणाले, “सायकल चालवून बघा. गुडघ्यावर शरीराचे वजन पडत नाही.”

घरी हे सांगितले तेव्हा भाईजान हसले. नणंद म्हणाली, “या वयात? आणि लोक काय म्हणतील?” आम्ही वाद घातला नाही. एवढेच म्हणालो, “लोक आपल्या पायाचे ड्रेसिंग करायला येणार नाहीत.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

सायकल कशी घ्यावी

आम्ही दोन जुन्या, गिअरच्या हायब्रीड सायकली घेतल्या. हायब्रीड म्हणजे हँडल सरळ, टायर ना फार जाड ना फार बारीक. पुढे वाकून बसावे लागत नाही, म्हणून नवशिक्यांना ती सोयीची पडते. नवी महाग सायकल घेऊन ती बाल्कनीत गंजवण्यापेक्षा जुनी घेऊन तीन महिने चालवून पाहणे बरे.

सायकलीच्या किमतीपेक्षा तिचे माप महत्त्वाचे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पंजा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. तीच सीटची योग्य उंची. सुरुवातीला पडायच्या भीतीने आम्ही सीट अगदी खाली ठेवली होती. आठ दिवसांत दोघींचे गुडघे दुखू लागले. सायकलवाल्या चाचांनी सीट दोन इंच वर केली आणि दुखणे थांबले.

टायरमध्ये हवा किती भरायची हे टायरच्या कडेवर छापलेले असते. हवा कमी असली की दुप्पट जोर लागतो आणि पंक्चरही लवकर होते. दर आठवड्याला हवा, ब्रेक आणि चेनचे तेल पाहायची सवय लावून घ्यावी.

कपडे आणि हेल्मेट

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला गेला. आम्ही सलवार-कमीजच घातली, पण सलवार घोट्याशी अरुंद आणि कमीज गुडघ्याच्या जरा खाली. ओढणी घेतली नाही, शिवलेला हिजाब घातला. पातळ सुती कापडाचा, मागे गाठ किंवा जाड पिन नसलेला हिजाब हेल्मेटखाली नीट बसतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे यावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा.

ओढणी का नाही, तेही सांगतो. पहिल्याच आठवड्यात मरीन ड्राइव्हवर धाकटीची ओढणी मागच्या चाकात गेली. वेग कमी होता म्हणून कोपर खरचटण्यावर निभावले. लांब बुरखा किंवा मोकळा घेर चाकाजवळ येऊच देऊ नये. सलवारीच्या आत गादी लावलेली सायकलची चड्डी घालावी. दुकानात मागायला लाज वाटते, पण तिच्याशिवाय वीस किलोमीटरच्या पुढे बसवत नाही.

बारा आठवडे

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात सुरुवात केली. आठवड्यातून तीनच दिवस, फजरनंतर. मधल्या दिवशी आराम. पहिले दोन आठवडे पाच-पाच किलोमीटर. चौथ्या आठवड्यात दहा. रविवारी जरा लांब, बाकी दोन दिवस बेताचे. अंतर थोडे थोडे वाढवायचे, आणि दर चौथ्या आठवड्यात उलट कमी करायचे, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळतो. आठव्या आठवड्यात आम्ही २५ किलोमीटरवर आलो. अकराव्या आठवड्यात डोंगरीहून माहीममार्गे बांद्र्याच्या बँडस्टँडला जाऊन परत आलो. ते साधारण ३५ किलोमीटर भरले. शेवटच्या आठवड्यात फक्त दोनदा, हलकेच.

सफरीएवढे पूर्ण अंतर आधी कापून पाहायची गरज नसते. दोन तृतीयांशापर्यंत पोहोचलात की उरलेले त्या दिवशी होते. वेग किती ठेवावा? शेजारच्या सायकलवालीशी बोलता येईल इतकाच. बोलताना धाप लागली तर समजावे की घाई होते आहे.

चढाचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. गिरगाव चौपाटीवरून मलबार हिलचा चढ आम्ही सहा वेळा चढलो. पहिल्या वेळी अर्ध्यात उतरून सायकल ढकलली. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, हे तिथे शिकलो. चढावर जोर लावत गिअर बदलला तर चेन कडकडते, कधी उतरतेही. उताराला दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत. फक्त पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो.

पंक्चर काढायलाही शिकलो. घरात चटई अंथरून चाक काढणे, टायर उचकटणे, नवी ट्यूब बसवणे. पहिल्या वेळी पाऊण तास लागला, पाचव्या वेळी पंधरा मिनिटे. ते पाहायला सगळ्यात आधी येऊन बसले ते हसणारे भाईजान.

शुगर असणाऱ्यांनी

मोठीने डॉक्टरांना सफरीची तारीख, अंतर आणि निघायची वेळ सांगितली. तिची गोळी शुगर खाली आणणारी होती. त्या सकाळी किती घ्यायची, हे त्यांनीच ठरवून दिले. आमचे वाचून कोणी आपला डोस बदलू नये. गोळी आणि इन्सुलिनचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो.

सोबत शुगर तपासायचे मशीन, ग्लुकोज पावडर, खजूर आणि दोन दोन बाटल्या पाणी घेतले. एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि लिंबू. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यायचे, आणि दर तासाला काहीतरी खायचे असे ठरले. “सायकल चालवतोय म्हणजे वजन उतरेल” म्हणून उपाशी निघणे ही नवशिक्यांची मोठी चूक. ती आम्हीही केली. ते पुढे सांगतो.

सफर

शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकलींसह मांडव्याला उतरलो. हायवेच्या ट्रकांपेक्षा हा रस्ता बरा, आणि तासाभरात समुद्र पार होतो. मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर. रात्री तिथे खालाच्या घरी मुक्काम. सोबत आमचा सतरा वर्षांचा भाचा होता. आमच्या मागून सायकल चालवायची आणि फोन चार्ज ठेवायचा, एवढे त्याचे काम. मुरूडहून परत येण्यासाठी मामूंचा टेम्पो ठरलेला होता. वाटेत जमले नाही तर तोच न्यायला येणार होता. उंट बांधून मगच तवक्कुल करावे, हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

रविवारी फजर अदा केली आणि उजाडताच निघालो. नागाव, चौल, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, रस्ता सपाट. चौल हे जुने बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला होता आणि इथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. तो जहाजातून आला, आम्ही सायकलवर. रेवदंड्याला पोहोचलो तेव्हा सतरा-अठरा किलोमीटर झाले होते आणि आम्हाला वाटले, एवढेच?

कुंडलिका नदीचा पूल ओलांडून साळावला आलो, आणि तिथून पुढे रस्ता वरखाली होऊ लागला. उजवीकडे कोर्लईचा किल्ला दिसत होता. एका चढावर मोठी अचानक गप्प झाली. बोलणे थांबले की थांबायचे, असे आमचे ठरलेलेच होते. धाकटीने विचारले, “भाभी, काय होतंय?” उत्तर नीट आले नाही. हात थरथरत होते, हवा गार असूनही कपाळावर घाम होता. सायकली कडेला घेऊन मोरीच्या कठड्यावर बसलो. मशीनवर आकडा आला ६४. शुगर ७० च्या खाली गेली की वेळ घालवायचा नसतो. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून दिले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे बसलो. पुन्हा तपासले, ९२. मग भाकरी आणि खजूर खाल्ले.

मग विचारले, सकाळी काय खाल्ले होते? खालाने तांदळाच्या भाकरी आणि अंडी केली होती. पण निघायच्या गडबडीत मोठीने अर्धीच भाकरी खाल्ली होती आणि ते कोणाला सांगितले नव्हते. वाटेत दर तासाला खायचे, तेही आनंदाच्या भरात राहून गेले.

भाच्याने फोन हातात घेतला होता. “मामूंना बोलावू?” आम्ही एकमेकींकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्या क्षणी दोघींनाही नणंदेचा चेहरा आठवला. पण कोणाचा चेहरा आठवून निर्णय घ्यायचा नाही, एवढी समज बारा आठवड्यांत आली होती. अर्धा तास थांबायचे, पुन्हा तपासायचे, आकडा टिकला तर पुढे जायचे, नाहीतर टेम्पो. अर्ध्या तासाने आकडा ११८ आला. उरलेला चढ आम्ही सायकली ढकलत, पायी चढलो. त्यात कमीपणा काही नाही. नंतर काशीदला समुद्राकाठी थांबलो, नारळपाणी प्यालो, पुन्हा तपासले आणि पोटभर खाल्ले. पुढे नांदगावच्या वाटेला आणखी चढ आहेत. तेही काही बसून, काही चालत पार केले. एका बाजूला फणसाडचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, असा तो रस्ता आहे.

मुरूडमध्ये शिरलो तेव्हा जोहरची अजान होत होती.

मोठीची अम्मी अंगणातच खुर्ची टाकून बसली होती. वय ७२. तिने आधी लेकीचा हात हातात घेतला, मग सायकलच्या हँडलवरून हात फिरवला. म्हणाली, “मीही चालवायची. याच गल्लीत, भावाची. तेरा वर्षांची झाले तशी बंद केली.” चव्वेचाळीस वर्षांत मोठीने हे कधी ऐकले नव्हते. अम्मीने घंटी दोनदा वाजवली आणि म्हणाली, “चला, हात धुवा. सालन थंड होतंय.”

नवशिक्या भगिनींसाठी

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा, विशेषतः शुगर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर. एकटीने जाऊ नका. पोटभर खाऊन निघा आणि किती खाल्ले ते सोबतच्यांना खरे सांगा. पंक्चरचे सामान, पंप, जास्तीची ट्यूब, आधारकार्ड आणि थोडी रोकड जवळ ठेवा. परतीची सोय आधी करा. वाटेत थांबावे लागले तर थांबा. रस्ता कुठे जात नाही.

गेल्या महिन्यात मोठीचा तो आकडा ६.९ आला. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. अल्हम्दुलिल्लाह. येत्या ऑक्टोबरात पुन्हा सराव सुरू करायचा आहे. या वेळी नणंदेनेही सीटची उंची कशी मोजायची ते विचारले आहे.