दुपारच्या ताटाचा हिशेब

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेल्या या व्यापारी गावात जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली आणि त्यांच्यामागून लहानमोठ्या कार्यालयांची मालिकाच उभी राहिली. जुन्या पेठेच्या दाटीत एवढा पसारा मावणे शक्यच नव्हते. तो साहजिकच मोकळ्या जागांकडे, अंबड रस्त्याच्या अंगाला सरकला. कार्यालयांबरोबर कर्मचारी आले आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने कामे घेऊन येणारी माणसे आली. कोणत्याही प्रशासकीय इमारतीच्या आराखड्यात वाहनतळ असतो, सभागृह असते, अभिलेख-कक्ष असतो. या सर्वांना दुपारी एकच्या सुमारास भूक लागते, ही साधी गोष्ट मात्र त्या आराखड्यात क्वचितच आढळते.

परिणाम कोणासही पाहता येण्याजोगा आहे. कचेरीच्या फाटकाबाहेर चहा, वडापाव, समोसे आणि भज्यांचे गाडे असतात. पोट भरेल असे ताट हवे असेल तर बऱ्यापैकी हॉटेल गाठावे लागते आणि तेथील दर दररोज परवडणारे नसतात. ज्यांच्या पगाराला वेतन आयोगाचा आधार आहे, त्यांची गोष्ट वेगळी. परंतु कंत्राटी संगणकचालक, वकिलाच्या कार्यालयातील उमेदवार, सदर बाजारातील कापडदुकानाचा नोकर, मोंढ्यातील दिवाणजी आणि हमाल, या मंडळींची मिळकत ठरावीक आणि तुटपुंजी असते. समजा, एखाद्याला महिन्याला बारा हजार रुपये मिळतात आणि दुपारच्या जेवणाला ऐंशी रुपये पडतात. पंचवीस दिवसांचे दोन हजार रुपये झाले. म्हणजे मिळकतीचा सहावा हिस्सा एका वेळच्या, एका माणसाच्या जेवणात गेला. घरभाडे आणि मुलांच्या शाळेचा खर्च ठरलेला असतो, त्यात कपात करता येत नाही. जेवणात येते. म्हणून तो वडापावावर भागवतो.

हे भागवणे दिसते तितके स्वस्त नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. यामागे अनेक कारणे आहेत आणि त्याचा सारा दोष दुपारच्या जेवणावर टाकता येणार नाही. तथापि, पहाटे उठून घरच्यांचे डबे भरणारी आणि स्वतः चहा-बिस्किटावर दुपार काढणारी नोकरदार स्त्री ही काही कल्पनेतील व्यक्ती नव्हे.

अर्ध्या तासाचा प्रश्न

दुपारच्या जेवणाचा प्रश्न जेवणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. राज्य शासनाने २०१९ च्या जूनमध्ये आदेश काढून शासकीय कार्यालयांतील भोजनाची सुटी दुपारी एक ते दोन या वेळेत जास्तीत जास्त अर्धा तास राहील, असे बजावले. २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हाही ही मर्यादा कायम राहिली. आदेशाचा हेतू योग्यच होता. मंठा किंवा घनसावंगीहून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या शेतकऱ्याला ‘साहेब जेवायला गेले आहेत’ हे उत्तर तासभर ऐकावे लागू नये, हा तो हेतू. परंतु जवळपास जेवणाची सोय नसेल, तर घड्याळ लावून माणूस परत आणता येत नाही. दुचाकी काढून पेठेत जायचे, जागा मिळण्याची वाट पाहायची, जेवायचे आणि परतायचे, हे अर्ध्या तासात बसत नाही. आणि रांगेत उभा असलेला तो शेतकरी? तोही उपाशीच असतो. फरक इतकाच की, आपली जागा जाईल या भीतीने तो हलू शकत नाही.

यावर ‘घरून डबा आणावा’ असे उत्तर सहज दिले जाते. अनेकजण आणतातही. छत्रपती संभाजीनगर सुमारे साठ किलोमीटरवर असल्याने रोज तेथून जाये करणारे कर्मचारीही थोडे नाहीत. त्यांचा डबा सकाळी सहा-सातला भरला जातो आणि दुपारी एकला उघडतो. मुख्य म्हणजे डबा फुकट पडतो हा समजच चुकीचा आहे. त्यात घरातील स्त्रीचे पहाटेचे श्रम असतात. ते कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत म्हणून फुकट वाटतात. मुंबईने १८९० च्या सुमारास डबेवाल्यांची व्यवस्था उभी केली. स्वयंपाक घरचाच राहिला, तरी डबा भरण्याची वेळ पुढे गेली आणि अन्न ताजे राहिले. ती व्यवस्था उपनगरी आगगाडीच्या आणि प्रचंड संख्येच्या बळावर टिकली. जालन्यासारख्या शहरात ती जशीच्या तशी आणता येणार नाही. तसेच खोली घेऊन एकट्याने राहणाऱ्या तरुणापाशी डबा भरून देणारे घरच नसते.

ताटात धान्य किती?

मग स्वस्त ताट मिळत का नाही? महागाई हे उत्तर अपुरे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये आणि तुरीचा ८००० रुपये जाहीर केला. दोन मोठ्या भाकऱ्यांना २०० ग्रॅम ज्वारी धरली, तर हमीभावाने तिची किंमत साडेसात रुपये होते. वाटी-दीड वाटी वरणाला ५० ग्रॅम तूर धरली, तर चार रुपये. दळण, डाळ भरडणे, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा यांसाठी ही रक्कम दुप्पट केली, तरी धान्याचा वाटा तेवीस रुपयांवर जात नाही. ताटाची उरलेली किंमत भाजी, तेल, इंधन, मजुरी, जागेचे भाडे आणि वाया गेलेले अन्न यांची असते.

यांपैकी भाडे, मजुरी आणि इंधनाचा बराचसा भाग जेवणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो. एखाद्या खानावळीचा असा रोजचा बांधलेला खर्च तीन हजार रुपये आहे, असे समजू. साठ माणसे जेवली तर प्रत्येक ताटावर पन्नास रुपयांचा बोजा पडतो. दीडशे जेवली तर वीसच रुपयांचा. त्याहून अवघड बाब अनिश्चिततेची. शंभर जणांचा स्वयंपाक केला आणि पासष्टच आले, तर पस्तीस ताटांचा तोटा उद्याच्या दरात मिसळावा लागतो. वडे ग्राहक पाहून तळता येतात, भाकऱ्या-वरणाची तयारी आधी करावी लागते. कचेरीभोवती वडापाव मुबलक आणि ताट दुर्मिळ असण्याचे मुख्य कारण हे आहे.

जुनी खानावळ हा प्रश्न ‘मासिका’ने सोडवीत असे. महिन्याचे पैसे आगाऊ, जेवणारे ठरलेले, खाडे सांगून ठेवलेले. चालकाला उद्या किती भाकऱ्या थापायच्या हे माहीत असे आणि किराण्याला भांडवलही मिळे. मुंबईच्या गिरणगावातील खानावळी याच पायावर उभ्या होत्या. त्या चालविणाऱ्या स्त्रियांची अडचण गिऱ्हाइकांची नव्हती; किराण्यासाठी सावकाराकडे जावे लागे, ही होती. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची दुनिया विस्कटली, परंतु त्या प्रयोगाचे अर्थशास्त्र खोटे ठरले नाही.

अनुदान आणि संघटन

शासनाने या क्षेत्रात काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या. पुढे अनुदान थांबले. झुणका-भाकर गेली, जागा मात्र राहिल्या आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी चहा-नाश्त्याची दुकाने झाली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि भाताची मूद असे हे ताट दहा रुपयांचे. शहरी भागात ताटाचा खर्च पन्नास रुपये धरून चाळीस रुपये शासन देणार, अशी रचना होती. करोनाच्या काळात या ताटाने असंख्य श्रमिकांना आधार दिला, हे नि:संशय. मात्र प्रत्येक केंद्राच्या ताटांची संख्या मर्यादित, आणि ज्या कार्यालयाच्या आवारात केंद्र असेल तेथील कर्मचाऱ्यांना तेथे जेवण्यास मनाई. गरिबांसाठीची सवलत पगारदाराने खाऊ नये, हे तत्त्व न्याय्य आहे. पण त्यामुळे कर्मचाऱ्यांची सोय हा प्रश्न होता तेथेच राहिला. २०२५ मध्ये तर देयके थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी केल्या. जे ताट अर्थसंकल्पावर उभे असते, ते अर्थसंकल्पाबरोबर डळमळते.

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून पाहावे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. ना नफा ना तोटा हे त्याचे सूत्र आणि शासकीय अनुदान न घेणे हा त्याचा बाणा. जेवणारे कोण, ते किती आणि कोणत्या वेळी येणार, हे तेथे प्रथमपासून ठाऊक होते. कारण ते संघटित हमाल होते. झुणका-भाकरीच्या पुष्कळ केंद्रांवरील पाट्या काही वर्षांत बदलल्या, तर कष्टाची भाकर अनेक दशके टिकून राहिली. या दोन अनुभवांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकीकडे दर ठरला होता, गिऱ्हाईक ठरलेले नव्हते. दुसरीकडे गिऱ्हाईक ठरलेले होते, म्हणून दर ठरविता आला.

कायद्याचा उंबरठा

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे, पण मोठ्या आस्थापनांपुरती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या श्रमसंहितेने हा आकडा शंभरावर आणला. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही शंभर कामगारांचीच अट आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांपैकी आणि बियाणे कंपन्यांपैकी काहींना ही अट लागू पडेल. परंतु सदर बाजारातील दुकानात चार माणसे असतात, अडत दुकानात सहा. शंभराचा उंबरठा त्यांच्यापासून फार दूर आहे. असे असले तरी त्याच २०१७ च्या अधिनियमात अनेक आस्थापनांनी मिळून एकच सामाईक उपाहारगृह चालविण्यास मुभा आहे. एका दुकानाला जे सक्तीचे नाही, ते पन्नास दुकानांनी आपखुशीने करण्यास कोणाची आडकाठी नाही.

तेव्हा उपाय कोणत्या दिशेने शोधावा, हे स्पष्ट होते. पहिली गोष्ट जागेची. सरकारी आवारातील उपाहारगृहाचा ठेका सर्वाधिक भाडे देणाऱ्याला द्यावा, ही पद्धत वरकरणी काटेकोर वाटते. प्रत्यक्षात ते भाडे जेवणाऱ्याच्याच ताटातून वसूल होते. कार्यालयाने भाडे नाममात्र ठेवून निविदा ताटाच्या दरावर आणि दर्जावर मागविली पाहिजे. दुसरी गोष्ट संख्येची. ज्या कर्मचाऱ्यांना हवे असेल त्यांनी महिन्याची कूपने आगाऊ घ्यावीत. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तोच दर असावा. एखाद्या महिला बचत गटाला अशी शंभर-सव्वाशे मासिके निश्चित मिळाली, तर बँकेलाही त्याच्या कर्जाची धास्ती वाटणार नाही. तिसरी गोष्ट अभ्यागताची. खेड्यातून आलेल्या माणसाला त्याच खिडकीवर त्याच दराने ताट मिळाले पाहिजे. त्यासाठी रोजची काही ताटे राखून ठेवणे अशक्य नाही. बाजार समितीच्या आवारात हमाल आणि व्यापारी यांनी मिळून असाच प्रयत्न केला, तर माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचीही सोय होईल.

यात अडचणी नाहीत असे नाही. दर्जा घसरतो, उधारी साचते, कोणीतरी वशिल्याने ठेका मिळवतो. शिवाय खानावळीला लागणारा एकोणीस किलोचा व्यापारी सिलिंडर घरगुती गॅसच्या दरात मिळत नाही आणि त्याचे भाव वरचेवर बदलतात. म्हणून जेवणाऱ्यांच्याच दोन-तीन प्रतिनिधींनी दरमहा हिशेब पाहावा आणि दर वर्षातून एकदा उघडपणे ठरवावा. ‘कष्टाची भाकर’ टिकली ती जेवणारे आणि चालविणारे यांच्यात अंतर नव्हते म्हणून.

जालन्याला जुने लोक ‘सोने का पालना’ म्हणत. येथील मोंढ्याने मराठवाड्याच्या धान्याचा व्यापार सांभाळला. १९६४ मध्ये येथेच बद्रिनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना करून संकरित बियाण्यांचा उद्योग उभा केला. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. अशा शहराला शंभर माणसांच्या भाकरी-वरणाची सोय कचेरीजवळ लावणे जड जाऊ नये. त्यासाठी नवी योजना, नवे खाते किंवा मंत्रालयातून निधी यांची वाट पाहण्याचे कारण नाही. एका कार्यालयाने एक खोली द्यावी आणि पुढील महिन्याची कूपने किती जण घेतात, याची यादी फलकावर लावावी. त्या यादीवर पुरेशी नावे चढली, तर दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला हरकत नाही.