उतारावरचे डिझेल

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना ठाऊक आहे. तेथे मालट्रकचा अपघात झाला, की 'गाडी न्यूट्रलमध्ये होती' असे आपण वाचतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण ड्रायव्हरने ती न्यूट्रलमध्ये का टाकली, हे कोणी विचारीत नाही.

कित्येक मालक खेपेला डिझेल मोजून देतात. उरले तर ड्रायव्हरचे. जास्त लागले तर त्याच्या पगारातून कापायचे. मी क्लीनर होतो तेव्हा उस्तादाने दिलेला पहिला धडा हाच, की उताराला गिअर काढ. धडा तेव्हाही जिवावरचा होता. आज तर तो हिशेबातही चुकतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यांत इंधन किती सोडायचे हे संगणक ठरवितो. गाडी गिअरमध्ये ठेवून ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिनाला फिरवितात आणि डिझेल बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्यामुळे सारा भार ब्रेकवर येतो, आणि फार तापलेला ब्रेक धरीत नाही. काही बहाद्दर इंजिनच बंद करतात! मग ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

लिटरभर डिझेल जळाले म्हणजे सुमारे 2.7 किलो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचे वजन किलोहूनही कमी, मग हे कसे? जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, म्हणून. तेव्हा डिझेल वाचविलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणाच्या जिवावर, एवढाच.

टायरमध्ये पुरेशी हवा, परतीचे भाडे, माल उतरविण्याच्या रांगेत इंजिन बंद ठेवण्याची सोय, ही खरी बचत. आणि यातले बरेचसे मालकाच्या हातात आहे. कोकण रेल्वेने 1999 साली कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर गाडीबरोबरच जातो. इंजिन बंद, आणि त्याला झोपही मिळते. 1961 च्या कायद्याने मोटर कामगाराला दिवसाचे आठ तास ठरवून दिले, पण खेपेवर पैसे घेणाऱ्याला ते क्वचितच लाभले.

आमची मागणी साधी आहे. डिझेलची तूट पगारातून कापू नका. कोठे किती जळाले, याची नोंद आजच्या गाडीत ठेवता येते. ती ड्रायव्हरलाही दाखवा आणि बचतीतला वाटा उघडपणे द्या. न्यूट्रलची सवय लगेच सुटेल असे मी म्हणत नाही. मला स्वतःला ती सोडायला दोन वर्षे लागली.