इकुतारो काकेहाशी : साथीच्या यंत्रांचा कारागीर

इकुतारो काकेहाशी यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९३० रोजी जपानमधील ओसाका येथे झाला. ते दोन वर्षांचे असताना आई-वडील दोघेही क्षयाने गेले आणि आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना गोदीत काम करावे लागले. युद्ध संपल्यावर प्रकृतीच्या कारणावरून विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, म्हणून ते क्यूशू बेटावर गेले आणि सोळा-सतरा वर्षांच्या वयात घड्याळदुरुस्तीचे दुकान थाटले. घड्याळांपाठोपाठ रेडिओही दुरुस्तीला येऊ लागले. पुढे शिक्षणासाठी ओसाकाला परतताच त्यांनाही क्षयाने गाठले आणि काही वर्षे आरोग्यधामात गेली. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे औषध होते. त्याच्या चाचणीसाठी त्यांची निवड झाली आणि ते वाचले.

१९५४ मध्ये त्यांनी विद्युत उपकरणांचे दुकान काढले आणि लवकरच वाद्ये बनवण्याचे प्रयोग सुरू केले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. शिकलेल्या वादकाला आपल्या वाद्याच्या उणिवा सवयीने खटकेनाशा होतात. काकेहाशी वाद्याकडे हौशी माणसाच्या नजरेने पाहत आणि एकट्याने वाजवणाऱ्याला साथ कशी मिळेल, हा प्रश्न त्यांना सतत पडलेला असे. १९६० मध्ये त्यांनी एस इलेक्ट्रॉनिक ही कंपनी स्थापन केली. तिचे १९६४ चे 'रिदम एस' यंत्र बटणे दाबून हाताने वाजवावे लागे. त्यानंतरच्या यंत्रात मात्र तयार ताल भरलेले होते. बटण निवडले की ठेका सुरू होई.

कंपनीतील मोठ्या भागीदाराची मालकी बदलल्यावर ते बाहेर पडले आणि एप्रिल १९७२ मध्ये 'रोलँड' सुरू केली. पहिली उत्पादने तालयंत्रेच होती. १९७३ मध्ये एसएच-१००० हा सिंथेसायझर आला. १९८० चे टीआर-८०८ हे तालयंत्र आज जगप्रसिद्ध असले, तरी तेव्हा ते फारसे चालले नाही. त्याचे आवाज खऱ्या ड्रमसारखे नव्हते. त्यातला खरखरीत स्वर सदोष म्हणून बाजूला काढलेल्या ट्रान्झिस्टरमधून येई. कारखान्यांतील उत्पादन सुधारले तसे सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये यंत्र बंद पडले. सुमारे बारा हजार नग विकले गेले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागल्यावर अमेरिकेतील तरुणांनी त्यावर हिप-हॉपचे ठेके उभारले.

मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच टीआर-८०८ च्या तालावर, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडचीच यंत्रे घेऊन, दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' हे नृत्यसंगीत जन्मायला अजून काही वर्षे होती, पण नाद तोच होता. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगाचे लक्ष गेले.

काकेहाशींचे सर्वांत मोठे काम मात्र कोणत्याही वाद्याच्या पलीकडचे आहे. एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जोडता येत नसे. १९८१ मध्ये त्यांनी अमेरिकेतील सिंथेसायझर-निर्माते टॉम ओबरहाइम यांच्याकडे समान पद्धतीचा विषय काढला. ओबरहाइम यांनी तो दुसरे निर्माते डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत नेला, मग यामाहा, कॉर्ग, कावाई याही कंपन्या आल्या. त्यातून 'मिडी' ही समान पद्धत तयार झाली. तिच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात: कोणती पट्टी, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. जानेवारी १९८३ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-६ आणि स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० प्रदर्शनात जोडून दाखवले गेले. ही पद्धत वापरायला कोणालाही मोबदला द्यावा लागला नाही, म्हणूनच ती सर्वत्र पसरली. पट्ट्यांच्या हिशेबाने आखलेली असल्याने एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेसारख्या गोष्टी तिच्यात सहज बसत नाहीत, हेही खरे.

१९८५ मध्ये आलेले 'ऑक्टापॅड' हे मिडीचेच अपत्य. रबराचे आठ चौकोन, आणि स्वतःचा आवाज नाही. काठीचा आघात सूचनेत बदलून दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये सातशे आवाज आतच आले. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांनी हे वाद्य मनापासून स्वीकारले. सेलू, परभणी या पट्ट्यातील वरात असो की गणपतीची मिरवणूक, ढोलकी, ढोलक, काँगो यांचे काम एकच वादक उभ्या उभ्या करू शकतो. साऱ्या ताफ्याला जागा आणि बिदागी देणे न परवडणाऱ्या पार्टीसाठी ही मोठीच सोय होती. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगही मूळचा जपानचाच. गोरो मोरिता यांनी नागोयात १९१२ मध्ये बनवलेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून तो आला. म्हणजे या मिरवणुकीतील सूर आणि ताल दोन्ही एकाच देशातून आलेले आहेत.

मिडीसाठी काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रोलँड सोडून, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी एटीव्ही ही नवी कंपनी काढली. तिच्या 'एफ्रेम' या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर डफासारखी बोटे आणि तळहात चालवायचे असतात, आणि पृष्ठभागावर घासल्याचा सूक्ष्म फरकही ते टिपते. १ एप्रिल २०१७ रोजी काकेहाशी यांचे निधन झाले.