जुन्या मालकाचं टपाल

धंदा नेटवर : लेखांक 7

डोमेन नोंदवायचं कसं आणि मुदत टळू का द्यायची नाही, ते मागच्या लेखात पाहिलं. आज त्याची दुसरी बाजू. कुणीतरी सोडून दिलेलं डोमेन आपण घेतलं, तर त्याच नावाने अजून उभ्या असलेल्या त्याच्या फेसबुक पानाचं, इन्स्टाग्रामचं, यूट्यूब चॅनेलचं करायचं काय?

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला दहाव्या मैलाजवळ तुम्ही बेदाण्याचा धंदा काढलात. गावाचं नाव असलेलं एक छान डोमेन मोकळं दिसलं, हजार-बाराशे रुपयांत मिळालं. वेबसाइट चढवली, खाली मोबाइल नंबर टाकला. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन. "चतुर्थीला दोन खोल्या हव्या होत्या. गरम पाणी असतं ना?" तुम्ही चुकीचा नंबर म्हणून ठेवून देता. संध्याकाळपर्यंत असे चार फोन येतात, तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो. जुना मालक आपल्या ओझरचा नव्हताच. जुन्नर तालुक्यातल्या विघ्नहराच्या ओझरला यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय लावणारा कुणी होता. त्याने वेबसाइट सोडली, फेसबुकचं पान सोडलं नाही, आणि त्या पानावर आता तुमचा झालेला पत्ता तसाच आहे. आपल्याला ओझर म्हणजे मिगचा कारखाना आणि चंपाषष्ठीच्या बारागाड्या. बाकीच्या महाराष्ट्राला ओझर म्हणजे अष्टविनायक. त्यात इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन. कोण कुणाच्या दारात येईल, सांगता येत नाही.

इथे पहिला मोह होतो तो "डोमेन माझं, तर त्या नावाचं पानही माझंच" असं म्हणण्याचा. तसं नसतं. मुळात डोमेनचंही खरेदीखत होत नाही, तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांचा. सोशल मीडियावरचं खातं तर वापरणाऱ्याच्याही पूर्ण मालकीचं नसतं. 2023च्या जुलैमध्ये ट्विटरचं नाव 'एक्स' झालं, तेव्हा 'एक्स' या एका अक्षराचं खातं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छायाचित्रकाराकडे वर्षानुवर्षं होतं. कंपनीने ते काढून घेतलं. मोबदला शून्य. बदल्यात कंपनीच्या नावाच्या चार वस्तू आणि मुख्यालयाची सैर देऊ केली. डोमेन, खातं आणि नाव या तीन वस्तूंचे तीन वेगळे सातबारे आहेत, असं समजा.

आता खरा धोक्याचा भाग. डोमेन हाती आलं की त्यावरचे सगळे ईमेल पत्तेही हाती येतात. एक सोय असते, बोलीभाषेत 'कॅच-ऑल'. ती चालू केली की त्या डोमेनवर कुठल्याही नावाने आलेलं पत्र एकाच पेटीत पडतं. जुन्या मालकाने फेसबुक खातं याच डोमेनच्या ईमेलवर उघडलं असेल, तर 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवायचा अवकाश, नवा पासवर्ड करायची चिठ्ठी तुमच्या पेटीत. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गॅबोर सझाथमारी या सुरक्षा संशोधकाने वकिलांच्या फर्मनी सोडून दिलेली डोमेनं पुन्हा नोंदवून पाहिली. अशिलांची गोपनीय पत्रं आपसूक त्याच्या पेटीत येऊ लागली. 2025च्या जानेवारीत ट्रफल सिक्युरिटी या संस्थेने बंद पडलेल्या एका कंपनीचं डोमेन घेऊन 'गूगलने साइन इन'च्या वाटेने तिच्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या स्लॅक, झूमसारख्या खात्यांत शिरता येतं, हे दाखवलं. कुलूप फोडावं लागलं नाही. किल्ली टपालाने घरी आली.

आली म्हणून वापरायची नाही. पोस्टमनने जुन्या भाडेकरूचं पाकीट तुमच्या उंबऱ्यात टाकलं, तर ते फोडायचा हक्क घरभाड्याच्या पावतीने मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार परवानगीवाचून दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा कलम 43 आणि 66चा विषय आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं कलम 66-सीखाली येतं. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. "पान पडीकच होतं हो" हा बचाव मी तरी कुणाला सुचवणार नाही.

मग करायचं काय? घेण्याआधी, वेबसाइटांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्याचं जुनं रूप पाहून घ्यायचं. हे फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. त्याच नावाने फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, गूगल मॅप्स चाळायचं. विकणारा समोर असेल तर पानं कशी सोपवायची ते पैसे देण्याआधी लेखी ठरवायचं. फेसबुक पानावर तो तुम्हाला पूर्ण नियंत्रण देऊन स्वतः बाजूला होऊ शकतो. यूट्यूबच्या ब्रँड खात्यात आधी मालक म्हणून नाव घालावं लागतं आणि मुख्य मालकी 7 दिवसांनी बदलता येते, म्हणून शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवा. इन्स्टाग्रामचं खातं विकणं-विकत घेणं त्यांच्या अटींतच बसत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

विकणारा समोर नसेल, तर त्या पानावर मेसेज टाका. साधा, मराठीत. "हे डोमेन आता आमच्याकडे आहे, तुमच्या पानावरचा पत्ता कृपया बदला, तुमच्या पाहुण्यांचे फोन आम्हाला येतात." बहुतेक माणसं ऐकतात, कारण गिऱ्हाईक त्यांचंच तुटत असतं. कॅच-ऑल बंदच ठेवा. पत्रं परत गेली की पाठवणाऱ्यालाही कळतं की हा पत्ता संपला. गूगल मॅप्सवरची नोंद तुमच्याच दुकानाची असेल तरच मालकीची मागणी करा. आधीच्या मालकाला उत्तर द्यायला 3 दिवस मिळतात. आणि स्वतःच्या वेबसाइटवर ठळक एक ओळ हवी : 'हे नाशिक जिल्ह्यातलं ओझर. विघ्नहर गणपतीचं ओझर पुणे जिल्ह्यात आहे.' चार फोन वाचतील, शिवाय चुकून आलेल्यांपैकी एखादा बेदाणेही घेईल.

इन्स्टाग्रामवर तेच नाव पाच वर्षं निपचित पडून आहे आणि तुम्हाला हवंय? मागितलं म्हणून मिळत नाही. ट्रेडमार्क असेल तर तक्रारीला वजन येतं. एकट्या व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. पण नुसत्या 'ओझर'वर भरवसा ठेवू नका. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम 9 मालाचं ठिकाण सांगणाऱ्या नुसत्या नावाला नोंदणी सहसा देत नाही. गावाचं नाव गावाचं. त्यापुढे तुमचं काहीतरी जोडा आणि इन्स्टाग्रामवरही तेच घ्या.

हे सगळं घेणाऱ्याच्या बाजूने झालं. पण वाचकांतले पुष्कळ जण उद्याचे सोडणारे आहेत. वेबसाइट बंद करायची तर खुशाल करा, पण त्याआधी फेसबुक, इन्स्टाग्राम, बँक, जीएसटी, जिथे जिथे त्या डोमेनचा ईमेल दिलाय तिथे तो बदला आणि दुहेरी पडताळणी आपल्या मोबाइलवर चालू करा. डॉट कॉम डोमेन मुदत संपल्या दिवशी सुटत नाही. सवलतीचे 45 दिवसांपर्यंत, सोडवून घेण्याचे 30 आणि शेवटचे 5 मिळून अडीच महिन्यांच्या आसपास जाऊ शकतात. तरी आजच फेसबुकच्या सेटिंगमध्ये जा आणि तिथे कोणता ईमेल लिहिलाय ते वाचून पाहा.

(पुढील लेखांकात : देवनागरीतलं डॉट भारत डोमेन घ्यावं का?)