चित्रीकरणाआधीचा कागद

शैक्षणिक व्हिडिओ बहुधा कॅमेऱ्यासमोर नव्हे, त्याआधी कागदावरच फसतो. ‘अपूर्णांक’ हा एका व्हिडिओचा विषय नव्हे. ते अख्खे प्रकरण झाले. पाचवी-सहावीत १/२ + १/३ ही बेरीज दिली की बरीच मुले २/५ लिहितात. अंशात अंश मिळवतात, छेदात छेद. पाच मिनिटांच्या व्हिडिओला एवढी एक चूक पुरते.

नियोजन तिथूनच सुरू करावे. ‘आधी छेद समान करा’ असे पहिल्याच वाक्यात सांगितले, तर मूल नियम पाठ करते. तो का पाळायचा, हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा त्याचेच उत्तर तपासायला घ्यावे. अर्ध्या भाकरीत आणखी एक तृतीयांश भाकरी घातली, तर एकूण भाकरी अर्धीपेक्षा जास्त भरायला हवी. २/५ मात्र अर्ध्याहूनही कमी! मूल इथे अडखळते आणि या अडखळण्यासाठीच व्हिडिओ करायचा असतो. इथे निवेदन थांबवावे, ‘व्हिडिओ थांबवून वहीत चित्र काढ’ असे सांगावे. मग भाकरीचे सहा सारखे भाग दाखवावेत: अर्धीत तीन, एक तृतीयांशात दोन, मिळून ५/६. लसावि हा शब्द त्यानंतर यावा.

संहितेसाठी कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे दिसणारे, उजवीकडे ऐकू येणारे. चित्र समजावताना बोललेली वाक्येच पडद्यावर लिहिली तर शिकण्यात अडथळा येतो, असे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत आढळले. म्हणून पडद्यावर आकडे आणि चित्र ठेवावे, वाक्ये आवाजावर सोडावीत.

लांबीबाबत फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास उपयोगी आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपुढे जात नव्हता. ते विद्यार्थी महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम शिकत होते. दहा वर्षांच्या मुलाकडून अधिक अपेक्षा कशी ठेवणार?

संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. मग चार मुलांना, फळ्यावर चित्र काढत, ती ऐकवावी आणि १/३ + १/४ सोडवायला द्यावे. एकानेही २/७ लिहिले, तर मोबाइल स्टँडवर चढवण्याआधी संहिता पुन्हा लिहावी.